‘लाइट’ला मराठीत नेमके काय म्हणावे, आणि नागपुरात तिची ‘लाइन’ का होते?

महालचा_वाचक

मंडळी, नमस्कार. आमच्या इमारतीच्या सूचनाफलकासाठी एका सूचनेचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सचिवांनी दिलेला मूळ मजकूर असा: ‘जिन्यातील लाइट रात्री अकरानंतर बंद करावा. लाइट गेल्यास कोणीही लिफ्ट वापरू नये. सामायिक लाइटचे पैसे दहा तारखेपर्यंत भरावेत. यंदा जिन्याला लाइट रंग द्यायचा असून त्याबद्दल सूचना असल्यास कळवाव्यात.’

सलग चार वाक्यांत एकच शब्द चार वेगवेगळ्या अर्थांनी आला आहे. पहिल्यात तो दिवा आहे, दुसऱ्यात वीजपुरवठा आहे, तिसऱ्यात विजेचा खर्च आहे आणि चौथ्यात त्याचा विजेशी काही संबंधच नाही. गंमत अशी की वाचणाऱ्या एकाही रहिवाशाचा गोंधळ होणार नाही. तरीही मला प्रश्न पडला की या चारही ठिकाणी आपल्याकडे स्वतंत्र आणि चांगले शब्द असताना आपण ते बोलण्यात का वापरत नाही? दुसरा प्रश्न खास आपल्या भागाचा आहे. पुण्यामुंबईकडे ‘लाइट’ जाते, मग नागपुरात आणि एकूणच विदर्भात ‘लाइन’ का जाते?

बर्डी_ते_बुटीबोरी

शब्द रुळला आहे, सर्वांना समजतो, मग अडचण कोणती? ‘टेबल’ आणि ‘पेन’ यांच्याप्रमाणे ‘लाइट’ही आता मराठीच समजावा. सूचना आहे तशी लावून टाका.

निरांजन

मी बर्डीकरांशी सहमत नाही. परकीय शब्द घेण्याला माझा विरोध नाही, पण एका शब्दाने सहा शब्दांची जागा बळकावली की त्या सहांमधला फरक करण्याची आपली सवय जाते, आणि मला त्याचे वाईट वाटते.

आमच्या आजीच्या घरात देवापाशी समई आणि निरांजन असे, तुळशीपाशी पणती, ओटीवर कंदील, स्वयंपाकघरात रॉकेलची चिमणी आणि लग्नकार्यात भाड्याने आणलेली गॅसबत्ती. प्रत्येकीचे काम वेगळे आणि क्रियापदही वेगळे होते. समई लावतात, कंदील पेटवतात, निरांजन ओवाळतात. झोपताना दिवा ‘मालवतात’, कारण ‘विझवणे’ हा शब्द देवाच्या दिव्यासाठी अशुभ मानला जाई, तिथे दिवा ‘शांत झाला’ असे म्हणत. आज या सगळ्यांच्या जागी ‘लाइट ऑन कर’ आणि ‘लाइट ऑफ कर’ एवढे दोनच प्रयोग उरले आहेत, त्यांतले क्रियापदही ‘करणे’ एवढेच.

उजेडाचेही तसेच. दाराच्या फटीतून येते ती तिरीप, कौलातून जमिनीवर पडतो तो कवडसा, विजेरीचा झोत, पणतीचा मिणमिणता उजेड, पौर्णिमेचे टिपूर चांदणे, पहाटेचे झुंजुमुंजू. नव्या सदनिकेची जाहिरात मात्र ‘भरपूर नॅचरल लाइट’ एवढ्यावर थांबते. पूर्वी ‘घर उजेडाचे आहे’ या तीन शब्दांत घराची खरी प्रशस्ती होत असे.

बर्डी_ते_बुटीबोरी

निरांजनताई, तुमच्या यादीतला ‘कंदील’ अरबीतून आला आहे आणि ‘चिमणी’ तर सरळ इंग्रजीतून. आजीच्या घरातही परकीय पाहुणे होतेच की!

निरांजन

होते, पण ते आले तेव्हा समईला घराबाहेर काढून आले नाहीत. माझा मुद्दा तेवढाच आहे.

तारतंत्री

‘लाइन’बद्दल मी थोडे लिहू शकतो, कारण विजेची कामे घेणे हाच माझा व्यवसाय आहे. आमच्या बोलण्यात ‘लाइट’ आणि ‘लाइन’ हे समानार्थी शब्द नाहीत. लाइट म्हणजे दिवा, ट्यूब, बल्ब, जे काही छताला किंवा भिंतीला लावायचे ते. लाइन म्हणजे खांबावरून आलेला पुरवठा. ग्राहकाचा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, ‘लाइट गेला आहे की लाइन गेली आहे?’ पहिल्या प्रकारात मी नवी ट्यूब घेऊन जातो, दुसऱ्या प्रकारात शेजारच्या घरी पुरवठा आहे का ते पाहायला सांगतो. हा फरक पुण्याच्या भाषेत करायचा झाला तर एक संपूर्ण वाक्य खर्च करावे लागेल.

हा शब्द आला कुठून असे विचाराल तर मला वाटते तो खांबावरच्या तारेवरून आणि ती तार सांभाळणाऱ्या लाइनमनकडून लोकांच्या तोंडी आला असावा. गावात विजेचे दृश्य रूप म्हणजे ती तार आणि तो माणूस. वायरिंगच्या भाषेतही जिवंत तारेला आम्ही ‘लाइन’ किंवा ‘फेज’ म्हणतो. टेस्टर लावल्यावर त्यातला छोटा दिवा लागला की ‘इथे लाइन आहे’ असे सांगतो. शेतीसाठी ‘थ्री फेजची लाइन’ आणि घरासाठी ‘सिंगल फेजची लाइन’ हे तर खेड्यातले लहान मूलही बोलते.

जाता जाता आणखी एक शब्द सांगतो. ज्याला आपण सगळे ‘डीपी’ म्हणतो त्याला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, कंपनीच्या कागदावर ‘रोहित्र’ म्हणतात. शब्द मला आवडतो, पण ‘रोहित्र जळाले’ अशी तक्रार केलेला ग्राहक मला अजून भेटलेला नाही. ‘डीपी उडाली’ असेच सर्वजण सांगतात, आणि हल्ली मोबाइलवरच्या छायाचित्रालाही डीपीच म्हणत असल्यामुळे माझा नवा मदतनीस सुरुवातीला चक्रावला होता.

मुठेकाठची_नागपूरकर

तारतंत्री भाऊ, तुम्ही माझ्या मनातले लिहिलेत. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा पहिल्याच पावसात मी सासूबाईंना सांगितले, ‘आई, लाइन गेली.’ त्या म्हणाल्या, ‘कसली लाइन? कुठे उभी होतीस?’ नणंदेने तर ‘लाइन’ या शब्दाचा महाविद्यालयीन अर्थ काढून आठवडाभर माझी थट्टा केली. आता मी पुण्यात ‘लाइट गेले’ असे म्हणते, आणि माहेरी आले की स्टेशनवरून घरी पोहोचेपर्यंत पुन्हा ‘लाइन’वर येते. माझे आजेसासरे मात्र अखेरपर्यंत ‘दिवे गेले’ असेच म्हणत. ते ऐकायला फार छान वाटे.

काटोलचा_बागायतदार

सर्वांना नमस्कार. शहरात बसून ‘वीज’ हा शब्द का वापरत नाहीत असे विचारणे सोपे आहे. आमच्याकडे वीज म्हणजे आकाशातली वीज. मृगाच्या सुमारास ढग भरून आले असताना बांधावरून कोणी ‘वीज आली’ असे ओरडला, तर ऐकणारा मोटर सुरू करायला जाणार नाही, तो झाडाखालून पळून घराकडे जाईल, आणि तेच योग्य आहे. घरातली जुनी माणसे तर ‘ईज पडली’ असे म्हणतात आणि तो उच्चार ऐकूनच अंगावर काटा येतो. म्हणून मोटरीसाठी आम्हाला वेगळा शब्द लागतोच, आणि तो ‘लाइन’ आहे. ‘आज लाइन दिवसाची आहे की रात्रीची?’ हा आमचा रोजचा प्रश्न असतो, कारण कृषिपंपांना पाळीने पुरवठा मिळतो आणि रात्रीची पाळी असली की संत्र्याला ओलित करायला विजेरी घेऊन बागेत जावे लागते.

मुद्दा असा की कोशात ‘वीज’ या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी सुखाने नांदतात, पण शेतात त्या दोन अर्थांमध्ये जिवाचा प्रश्न असतो.

खोडसाळ_संत्रे

मला एक शास्त्रीय शंका आहे. कोणत्याही वस्तूवरचा भार कमी केला की ती ‘लाइट’ व्हायला पाहिजे. आपल्याकडे भारनियमन केले की ‘लाइट’ जाते. हे कोणत्या नियमाने घडते?

मुठेकाठची_नागपूरकर

खोडसाळ, पुढच्या पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या मिरवणुकीत तुमच्या या शंकेचाच बडगा, म्हणजे थट्टेचा पुतळा, काढायला हवा. ‘भारनियमन घेऊन जा गे मारबत!’

धंतोलीकर

खोडसाळ यांनी विनोदात का होईना, एक महत्त्वाचा शब्द आणला. ‘भारनियमन’ हा शासकीय घडणीचा शब्द असूनही वर्तमानपत्रांतून थेट लोकांच्या तोंडी गेला. ‘लोडशेडिंग’ही लोक म्हणतात, पण ‘आमच्याकडे भारनियमन सुरू झाले’ हे वाक्य पानठेल्यावरही सहज ऐकू येत असे. उलट विजेच्या बिलावर ‘देयक’ असे छापलेले असते आणि ते हातात धरून माणूस ‘लाइट बिल जास्त आले’ असे म्हणतो. राज्य वीज मंडळाचे, म्हणजे एमएसईबीचे, विभाजन 2005 मध्ये होऊन महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण अशा कंपन्या झाल्या, तरी आमच्या गल्लीत आजही ‘एमएसईबीचा माणूस’ येतो.

एक शब्द का रुजतो आणि दुसरा का रुजत नाही? माझे मत असे की भारनियमन ही गोष्ट लोकांच्या आयुष्यात त्या शब्दासोबतच आली, वेळापत्रकासह आली आणि रोज छापून आली. बिल मात्र देयकाच्या आधीपासून घरोघरी येत होते. रिकाम्या जागेवर शब्द बसतो, भरलेल्या जागेवर त्याला उभे राहावे लागते.

नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. 1956 पर्यंत हे शहर जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषा इथल्या कारभारात होत्या. संस्कृत धातू आणि उपसर्ग यांच्या आधारे हजारो पारिभाषिक संज्ञा घडवणाऱ्या डॉ. रघुवीर यांचे कामही काही काळ याच शहरातून चालले. म्हणजे शुद्ध संज्ञांचा कारखाना आणि ‘बत्ती गुल झाली’ म्हणणारा बाजार हे दोन्ही आपल्याकडे एकाच वेळी नांदत होते. आपली भाषा या दोहोंच्या मधल्या रस्त्याने चालत आली आहे.

बर्डी_ते_बुटीबोरी

‘भरलेल्या जागेवर उभे राहावे लागते’ हे मान्य. पण मग दिव्याची जागा तर भरलेली होती. तिथे ‘लाइट’ कसा बसला?

धंतोलीकर

कारण विजेचा दिवा ही वस्तूच नवी होती. तो तेल मागत नाही, वात मागत नाही, वाऱ्याने विझत नाही आणि त्याच्यापुढे हात जोडले जात नाहीत, निदान आता तरी. लोकांनी त्याला दिव्यांच्या कुळात न घेता वेगळे ठेवले असावे. संध्याकाळी घरातला पहिला लाइट लावल्यावर नमस्कार करणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत, पण त्यांनीही तोंडाने ‘लाइट लाव’ असेच सांगितले होते.

ठोक_कापड_इतवारी

सूचनेतल्या चौथ्या, ‘लाइट रंगा’च्या वाक्याबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून मी लिहितो. आमच्या दुकानात ‘लाइटमध्ये दाखवा’ असे ग्राहक म्हणाला की मला किमान तीन प्रश्न विचारावे लागतात. रंग फिकट हवा, कापड वजनाला हलके हवे, की जरीकाम कमी हवे? तिन्ही गोष्टींना हल्ली ‘लाइट’च म्हणतात. परवा एका ताईंना ‘लाइट साडी’ म्हणून फिकट आकाशी रंगाची, पण चांगली भरजरी साडी दाखवली, तर त्या म्हणाल्या की त्यांना रोज शाळेत नेसायला हवी आहे.

माझे वडील गादीवर बसत तेव्हा ‘लाइट ग्रीन’ कोणी मागत नसे. पोपटी, शेवाळी, मेंदी, तोतयी असे नाव घेऊनच मागणी होई. पिवळ्यातही लिंबोळी, मोतिया, केशरी, हळदी हे वेगवेगळे होते. आता रंगपत्रिकेवर क्रमांक असतो आणि ग्राहक ‘याच्याहून थोडा लाइट’ म्हणतो. निरांजनताईंचे दुःख मला दुकानात रोज दिसते, फक्त मी त्यावर गुजराण करतो.

पाटीपुस्तक

मी विज्ञान शिकवतो. वर्गात ‘लाइट’ हा शब्द आला की मुले आपोआप ‘प्रकाश’ म्हणतात, कारण पाठाचे नावच ते आहे. शाळेबाहेर एकही मूल ‘प्रकाश लाव’ असे म्हणणार नाही, आणि म्हणू नये, कारण प्रकाश लावता येत नाही, तो पडतो. दिवा लावतात, उजेड करतात, प्रकाश पडतो. मराठी किती काटेकोर आहे हे या तीन क्रियापदांवरून मुलांना दाखवता येते.

पारिभाषिक शब्दांतही बदल होत असतात. मी शाळेत ‘वक्रीभवन’ शिकलो, आताच्या पाठ्यपुस्तकात ‘अपवर्तन’ आहे. माझे मत विचाराल तर ‘वक्रीभवन’ हा शब्द चित्र दाखवत असला तरी ते चित्र थोडे चुकीचे आहे, कारण किरण दुसऱ्या माध्यमात शिरताना वाकडा होत नाही, दिशा बदलून पुन्हा सरळच जातो. ‘प्रकाशवर्ष’ या शब्दाने मात्र दरवर्षी फसगत होते. त्यात ‘वर्ष’ असल्यामुळे मुले तो काळ समजतात, प्रत्यक्षात ते अंतर आहे. सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर वेगाने प्रकाश एका वर्षात जेवढा जाईल तेवढे. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण 8 मिनिटे 20 सेकंद लागतात, हे सांगितल्यावर नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुपारी एक विद्यार्थी म्हणाला होता, ‘सर, अजून थोडा उशीर केला तर चालेल.’

आणि ‘ट्यूबलाइट’! उशिरा समजणाऱ्याला आपण हे नाव ठेवतो ते जुन्या ट्यूबमुळे. त्यात स्टार्टर आधी दोन्ही टोकांच्या तारा तापवतो, मग तो उघडला की चोक जोराचा दाब देतो आणि नळी पेटते. संध्याकाळी सगळ्या गल्लीतले कूलर सुरू झाले आणि दाब उतरला की ती बिचारी बराच वेळ लुकलुकत राही. आताच्या एलईडी नळ्या बटण दाबताच लागतात. त्यामुळे आजच्या मुलांना ही उपमा समजावून सांगावी लागते, आणि समजायला वेळ लागला की तीच उपमा त्यांनाच लागू होते.

व्युत्पत्तीवेडा

इतवारीकर काकांनी आणलेला ‘लाइट’ आणि जिन्यातला ‘लाइट’ हे मुळात एक शब्द नाहीतच. इंग्रजीत ते योगायोगाने सारखे झाले. उजेड या अर्थाच्या शब्दाचे मूळ आपल्या ‘रुच्’ या धातूशी नाते सांगते. ‘रुच्’ म्हणजे चमकणे, शोभणे, आणि त्यावरून आवडणे. म्हणजे आपले ‘रुचणे’ आणि ‘रुची’ हे त्या ‘लाइट’चे दूरचे भाऊबंद झाले. वजनाने कमी या अर्थाचा दुसरा ‘लाइट’ मात्र आपल्या ‘लघु’चा नातेवाईक आहे. त्याच ‘लघु’पासून प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’ आणि पुढे आपले ‘हळू’ व ‘हलका’ आले. तेव्हा ‘लाइट जेवण’ऐवजी ‘हलके जेवण’ म्हणणारा माणूस फक्त चुलतभावाला सोडून सख्ख्या भावाकडे जातो.

या दोन शब्दांच्या गोंधळाचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र आपण संकेतस्थळांवर वावरणाऱ्यांनीच केला आहे. थट्टा केल्यावर ‘हे लाइटली घ्या’ असे लिहायचे, त्याचे ‘हलके घ्या’ झाले, आणि मग मुद्दाम दुसरा अर्थ धरून ‘दिवा घ्या’ झाले. बाहेरच्या माणसाला ‘दिवा घ्या’ सांगितले तर तो हात पुढे करील.

खोडसाळ_संत्रे

माझ्या वरच्या शंकेवरही सर्वांनी दिवा घ्यावा. लाइन गेल्यावर उपयोगी पडेल.

गोंदियाची_लेक

व्युत्पत्तीवेडा यांच्या ‘हलका’ला आमच्या भागातली पुष्टी देते. धानाच्या पट्ट्यात ‘हलके धान’ आणि ‘भारी धान’ असे दोन प्रकार मानतात. त्याचा दाण्याच्या वजनाशी संबंध नसतो. लवकर निघते ते हलके, उशिरा निघते ते भारी. जमिनीलाही हेच शब्द लावतात, उथळ आणि कमी ओल धरणारी ती हलकी. शेतीची पुस्तके इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी यासाठी ‘लाइट’ वापरला तरी आमच्या गावात तो शिरलेला नाही. माणसाला मात्र ‘हलका’ म्हटले की भांडण होते, कारण तिथे त्याचा अर्थ नीच असा होतो. कदाचित म्हणूनच ‘लाइट मूडमध्ये आहे’ याचे मराठी करताना ‘हलका’ शब्द लेखणीवर येऊन अडतो. तिथे ‘खुशीत आहे’ किंवा ‘मोकळा बोलतो आहे’ एवढे पुरे.

महालचा_वाचक

सर्वांचे आभार. चर्चा वाचून मसुदा पुन्हा लिहिला तो असा: ‘जिन्यातील दिवे रात्री अकरानंतर बंद करावेत. वीजपुरवठा खंडित झाल्यास कोणीही लिफ्ट वापरू नये. सामायिक वीजबिलाचे पैसे दहा तारखेपर्यंत भरावेत. यंदा जिन्याला फिकट रंग द्यायचा असून त्याबद्दल सूचना असल्यास कळवाव्यात.’ ‘देयक’ मी मुद्दाम टाळले. सचिवांना मसुदा दाखवला, तर त्यांनी ‘वीजपुरवठा खंडित झाल्यास’ खोडून वर पेन्सिलीने ‘लाइन गेल्यास’ असे लिहिले.

तारतंत्री

सचिव बरोबर आहेत. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या माणसाला वाचायला वेळ नसतो. दोन शब्दांत समजले पाहिजे.

निरांजन

‘वीज गेल्यास’ हेही दोनच शब्द आहेत, आणि अकराव्या मजल्यावर झाडाखालून पळण्याचा प्रश्न येत नाही. बागायतदार भाऊंनी सांगितलेली अडचण शेतातली आहे, ती मला पूर्ण मान्य आहे. जिन्यात मात्र ‘वीज’ निर्धास्तपणे चालेल.

काटोलचा_बागायतदार

ताई, मान्य. तुमच्या जिन्यात वीज, आमच्या धुऱ्यावर लाइन.

मुठेकाठची_नागपूरकर

लिंगाचा प्रश्न राहिलाच. ‘लाइट लावला’, ‘लाइट गेली’ आणि ‘लाइट गेले’ हे तिन्ही प्रयोग मी एकाच घरात ऐकते. सासरे पुल्लिंगी, नवरा स्त्रीलिंगी आणि मी अनेकवचनी.

पाटीपुस्तक

त्यात एक व्यवस्था दिसते. वस्तू असेल तेव्हा ‘दिवा’प्रमाणे पुल्लिंगी, पुरवठा असेल तेव्हा ‘वीज’प्रमाणे स्त्रीलिंगी, आणि ‘दिवे गेले’ची सवय असलेल्या घरांत अनेकवचनी. म्हणजे जुने शब्द बोलण्यातून गेले तरी त्यांची लिंग-वचने ‘लाइट’ला चिकटून राहिली आहेत.

बर्डी_ते_बुटीबोरी

आणि ‘लाइन’ सर्वत्र स्त्रीलिंगीच आहे. वाद नको असेल तर सर्वांनी नागपुरी बोलावे.